बायफोकल सोडून संस्कृत

"कोण सोडतंय बायफोकल? आम्ही? आमच्या सात पिढ्यांत कोणी हातातलं काय सोडलेलं नाय, अन् ही सोडणार?"

अण्णा, म्हणजे माझे वडील, कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीत अर्धेअधिक आत गेले होते. त्या खिडकीतून एक हात आणि एक अर्ज जावा एवढीच तिची ऐपत. अण्णांनी तिच्यातून डोकं, दोन्ही खांदे आणि खिशातलं पेनसुद्धा आत घातलं होतं. आतला क्लार्क खुर्चीसकट भिंतीपर्यंत मागे सरकला होता आणि तिथून तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणत होता, "पालकांची सही इथे. संस्कृतच्या मॅडमची सही त्याच्याखाली. शनिवारी बारापर्यंत."

"संस्कृतच्या?" अण्णा म्हणाले, आणि डोकं बाहेर काढून माझ्याकडे वळले. डोकं काढताना खिडकीची चौकट हातात आली, असं मी लोकांना सांगत असते. आली नव्हती. हलली मात्र होती, हे मी शपथेवर सांगेन.

अण्णा नाशकात अंबडला एका कंपनीत पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर होते. वीस वर्षं त्या धडधडाटाशेजारी उभं राहून त्यांचा आवाज असा झाला होता, की आमच्या सिडकोतल्या घरात त्यांनी मीठ मागितलं तर सातपूरमधलं कोणीतरी मीठ घेऊन निघायचं. तरीही त्या दिवशी खिडकीपाशी होता तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. रांगेतल्या मुलांनी अर्ज छातीशी धरले. एका आईने आपल्या मुलाला म्हटलं, "बघ, असं करू नको हं कधी."

मी केलं होतं ते असं. अण्णा त्या दिवशी अर्धी रजा टाकून माझा शाळा सोडल्याचा मूळ दाखला द्यायला आले होते. त्याच्या आदल्या दिवशी मी गुपचूप विषय बदलाचा अर्ज दिला होता, आणि पालकांची सही लागते हे मला ठाऊक नव्हतं. क्लार्कने दाखला घेतला, आडनाव वाचलं आणि प्रेमाने विचारलं, "बायफोकल सोडताय ना तुम्ही?"

बायफोकल म्हणजे काय हे नव्वदच्या दशकात नाशकात लहान पोराला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. आता सांगावं लागतं. अकरावी सायन्सला दुसरी भाषा आणि जीवशास्त्र सोडायचं आणि त्यांच्या जागी दोनशे मार्कांचं इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं. त्याच्या जागा मोजक्या. यादी लागायची त्या दिवशी नोटीस बोर्डापुढे अशी गर्दी व्हायची, की मागच्यांना आपलं नाव पुढच्यांच्या चेहऱ्यावरून वाचावं लागे. माझं नाव यादीत शेवटून दुसरं होतं. अण्णांनी ते बोट लावून तीनदा वाचलं होतं आणि संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले होते. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं त्यांनी प्रेसला दिलेली. त्यामुळे पेढा देताना तो घेणाऱ्याच्या हातावर ठेवला जात नसे, घरंगळे.

आणि ही जागा मी सोडत होते. कशासाठी, तर संस्कृतसाठी.

लोक आजही कारण विचारतात. मी आतापर्यंत नऊ कारणं सांगितली आहेत. एकदा तर स्वप्नात आवाज आला असंही सांगितलं. खरं कारण राग.

सातवीच्या शेवटी आमच्या शाळेत वाटणी व्हायची. आठवीपासून कोणाला संस्कृत, कोणाला हिंदी, हे एक सर वर्गात येऊन ठरवत. मार्क बघत नसत. उभं करत आणि विचारत. माझी पाळी आली.

"वडील काय करतात?"

"अंबडला आहेत, सर. प्रेसवर."

"आणि आजोबा?"

"मखमलाबादला मळा आहे. फ्लॉवर, झेंडू."

"मग हिंदी घे," सर वहीत खूण करत म्हणाले. "युनियनच्या सभेत उपयोगी पडेल."

अख्खा वर्ग हसला. मीही हसले, कारण सगळे हसत असताना एकटीने न हसणं अवघड असतं. घरी येईपर्यंत त्या हसण्याचा दात झाला आणि तो मला पुढची तीन वर्षं चावत राहिला. हिंदीत मला चांगले मार्क पडत गेले, त्याचाही राग यायचा. अ तुकडीतल्या, म्हणजे संस्कृतवाल्या, मुली मधल्या सुट्टीत ओट्यावर बसून काहीतरी चाल लावून म्हणायच्या आणि मी जवळ गेले की थांबायच्या. थांबत नसतीलही. मला तसं दिसायचं, आणि मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवणारी आहे.

तर अकरावीत मी ठरवलं, की जे मला मिळू नये असं ठरलंय ते घ्यायचं. इतकंच. त्यात भाषेवरचं प्रेम वगैरे भानगड नव्हती.

अण्णांच्या बाजूने बघितलं तर त्यांचंही चूक नव्हतं, पण तेव्हा बघतंय कोण. त्यांच्या कंपनीत मागच्या बाजूला एक काचेची खोली होती. तिथे एसी. आत पांढरे कोट घातलेल्या मुली मीटर लावून काहीतरी तपासत. अण्णांना कधी आत जावं लागलं, तर बूट दाराशी काढून जावं लागे. त्या खोलीत आतून बाहेर बघणारी मुलगी आपली असावी, हे त्यांच्या डोक्यात कधीपासून होतं. त्या दिवशी घरी आल्यावर ते मला पहिल्यांदा कळलं, कारण ते त्यांनी जेवता जेवता ओरडून सांगितलं.

"बूट काढतो मी तिथं. तुला काढायला लागले नसते."

"मला नको ती खोली."

"मग काय पाहिजे? गोदावरीच्या काठी बसून श्राद्धं घालणार?"

"बायकांना घालू देत नाहीत."

"मग तर अजूनच फुकट गेलं की."

आई भाकरी टाकत होती. ती मागे न बघता म्हणाली, "सही करू नका. आपोआप उतरेल डोक्यातून." आमच्या घरात सगळ्यात थंड डोक्याचं माणूस ती, आणि म्हणून सगळ्यात धोक्याचं.

अण्णांनी सही केली नाही. मी म्हटलं, ठीक आहे, आधी मॅडमची आणते. एक सही झाली की दुसऱ्या सहीवर जोर येतो.

संस्कृतच्या मॅडम अंगाने बारीक. आवाज त्याहून बारीक. पण त्या वऱ्हांड्यातून निघाल्या की मुलं भिंतीला चिकटत. त्यांना विद्यार्थी आवडत नसत. त्याला कारण होतं. त्यांच्या वर्गातलं प्रत्येक कार्टं संस्कृतला आलेलं असे ते मार्कांसाठी. गाइड विकत घ्यायचं, उत्तरं घोकायची, पेपरात ओतायची, शंभरातले नव्वद खिशात घालायचे आणि इंजिनिअरिंगला निघून जायचं. वीस वर्षं त्यांनी हेच बघितलेलं. स्टाफरूममध्ये मी अर्ज पुढे केला, तेव्हा त्यांनी तो उपडा करून बघितला, जणू मागच्या बाजूला खरं कारण लिहिलं असावं.

"दहावीला नव्हतं तुला."

"नव्हतं, मॅडम."

"मग आता कशाला? मार्क पडतात म्हणून?"

"नाही. राग आहे म्हणून."

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "कोणाचा?"

"एका सरांचा."

"त्यांना त्याचं काय होणार आहे?" त्या म्हणाल्या. मग टेबलावरचं पुस्तक माझ्याकडे ढकललं, फक्त मुखपृष्ठ दिसेल एवढं. "परवा ये. पहिला पाठ. वाचायचा आणि अर्थ सांगायचा. जमलं तर सही करते. घरी कोणी शिकवणारं आहे का?"

"नाही."

"मग बघ."

परवा म्हणजे गुरुवार. आता मला देवनागरी वाचता येत होतं, तेवढ्या बळावर संस्कृतही वाचता येतं असा माझा समज होता. अर्थाचं काय ते गाइड बघेल. मी तडक मेन रोडच्या मागच्या बोळात गेले. तिथे एक म्हातारे जुनी पुस्तकं विकत. त्यांच्याकडे अकरावी संस्कृतचं गाइड मिळालं, पाठीचा कणा मोडलेलं, पण आत पहिल्या पाठाचं ओळीन् ओळ भाषांतर. एका व्यापाऱ्याची गोष्ट. तो समुद्रावर जातो, जहाज फुटतं, फळीला धरून तो किनाऱ्याला लागतो, वगैरे. मी ती अशी पाठ केली, की आमच्या गल्लीतल्या नळाच्या रांगेलाही पाठ झाली. शेजारच्या काकू बादली भरताना विचारायच्या, "आला का गं तो किनाऱ्याला?"

गुरुवारी स्टाफरूममध्ये सहा-सात प्राध्यापक होते. फिजिक्सचे सर बिस्किट चहात बुडवत होते. मॅडमनी पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "हं."

मी ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू झाले. कोण्या एका नगरात एक व्यापारी राहत होता. बोट पुढे सरकवत गेले. जहाज निघालं. वादळ आलं. फळी हाताशी आली तेव्हा मी आवाज थोडा कापरा केला, कारण तेवढी कला माझ्यात होती. मॅडमनी मला व्यापाऱ्याला घरी पोचवू दिलं, त्याच्या बायकोला दारात आणू दिलं, सगळं होऊ दिलं. फिजिक्सच्या सरांचं बिस्किट तुटून चहात पडलं होतं आणि ते चमचा न शोधता ऐकत होते. मला वाटलं, जिंकले.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता हा व्यापारी मला या पानावर दाखव."

मी पानाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. पानावर कविता होती. आठ-दहा श्लोक, दोन-दोन ओळींचे, मध्ये मोकळी जागा. व्यापारी मावेल असं तिथे काही नव्हतंच.

"अभ्यासक्रम बदलला," मॅडम म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. दुकानदाराने सांगितलं नाही?"

स्टाफरूम हसली. सातवीच्या वर्गापेक्षा थोडी शिकलेली माणसं होती, म्हणून तोंडावर रुमाल धरून हसली. या वेळी मी हसले नाही. मॅडमही हसल्या नाहीत, पण ते मला नंतर आठवलं. त्यांनी अर्ज परत माझ्या हातात दिला. "इलेक्ट्रॉनिक्सला जा. तिथे निदान मीटर खोटं बोलू देत नाही."

घरी जाईपर्यंत मला कळलं होतं, की आता सरळ मार्गाने काही होत नाही. अण्णांची पहिली पाळी संपून ते आले होते, बनियनवर बसून चहा पीत होते. मी दप्तर टाकलं आणि रडत सांगितलं, "मॅडम म्हणाल्या, प्रेसवाल्याच्या मुलीने या भाषेला हात लावू नये. तिच्या तोंडात ती शोभत नाही."

मॅडम असं काहीही म्हणाल्या नव्हत्या. सर म्हणाले होते, तेही तीन वर्षांपूर्वी, तेही वेगळ्या शब्दांत. मी दोघांची मोट बांधली आणि वर थोडा मसाला घातला. हे बरं होतं असं मी म्हणत नाही. पण परिणाम बघण्यासारखा झाला. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला आणि तो फुटला नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं.

"आण तो कागद."

त्यांनी तिथेच, गुडघ्यावर धरून सही केली. उरलेल्या बोटांत पेन असं आवळलं होतं, की सही मागच्या बाजूनेही वाचता येत होती. आई दारात येऊन बघत होती. "काय करताय?"

"ही आता संस्कृतच घेणार," अण्णा म्हणाले. "अन् नाय घेतलं, तर घरात यायचं नाय."

शनिवारी पावणेदहाला आम्ही दोघं स्टाफरूममध्ये शिरलो. अण्णांनी कंपनीचे बूट घातलेले, मुद्दाम. अर्ज मॅडमच्या टेबलावर आपटला आणि त्यांनी सुरुवात केली. मी ते सगळं इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की तिसऱ्या मजल्यावरच्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये एका मुलाच्या हातून परीक्षानळी सुटली. शेवटी अण्णा म्हणाले, "प्रेसवाल्याची पोरगी म्हणून तिच्या तोंडात शोभत नाय म्हणता? हात आमचे तुटले, मॅडम. तोंडं शाबूत हायेत आमची."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी छताचा पंखा बघू लागले. तो बंद होता, त्यामुळे बघण्यासारखं फार नव्हतं.

"मी हे म्हटलं?" त्यांनी मला विचारलं.

मी पंख्याची तिन्ही पाती मोजली.

"मी विचारलं होतं, घरी कोणी शिकवणारं आहे का," त्या अण्णांना म्हणाल्या. "बाकीचं हिचं आहे. परवा हिने मला एक अख्खा व्यापारी समुद्रातून काढून दाखवला. गोष्ट चांगली रचते तुमची मुलगी. भाषांतराला ते उपयोगाचं नाही."

अण्णा माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुढे केला आणि मॅडमना म्हणाले, "तो कागद द्या इकडं. सही खोडतो."

मॅडमनी कागदावर तळहात ठेवला. "तुमची सही झाली. आता माझं बाकी आहे."

"मला नाय करायचं आता."

"बसा," मॅडम म्हणाल्या. त्या बारीक आवाजात काय होतं कोणास ठाऊक, अण्णा स्टुलावर बसले. मॅडमनी पुस्तकातलं मधलंच एक पान उघडलं. गद्य होतं. त्यांनी एका वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि कोश माझ्यापुढे टाकला. "एवढंच. गाइड नाही, पाठांतर नाही. दोन तास आहेत तुला, कमीच. मी माझा तास घेऊन येते."

आणि त्या अर्ज पर्समध्ये घालून निघून गेल्या.

त्या एका वाक्याने माझा जो छळ केला तसा आमच्या सगळ्या नातेवाइकांनी मिळूनही केलेला नाही. कोशात शब्द शोधायचा तर तो वाक्यात एका रूपात आणि कोशात भलत्याच. पहिल्या अर्ध्या तासात मला एक शब्द सापडला, तो "आणि". अण्णा समोर बसून माझ्याकडे असे बघत होते, जसं ते अडकलेल्या प्रेसकडे बघत असतील. एकदा म्हणाले, "नाय ना येत?" मी कोशाचं पुढचं पान उलटलं. अकराला बैल सापडला. सव्वाअकराला नदी. मग एक गुराखी निघाला, आणि त्याच्या डोळ्यांबद्दल काहीतरी. डोळे, पाणी. मला घाम फुटला होता आणि खोलीत पंखा अजून बंद होता. कोणाला तो लावायचं सुचलं नाही आणि मला उठायची भीती वाटत होती.

त्या दोन तासांत एकदाही मला ते सर आठवले नाहीत. हे माझ्या पुष्कळ नंतर लक्षात आलं. तेव्हा मला फक्त तो बैल हवा होता.

पावणेबाराला मॅडम आल्या. खडू झटकत म्हणाल्या, "हं."

मी उभी राहिले. "बैल नदीत गेला, आणि गुराखी काठावर बसून रडू लागला."

मॅडमनी वाक्य बघितलं, मग माझा कागद बघितला. त्यावर बैल हा शब्द अकरा वेळा लिहून खोडलेला होता. नंतर कोश बघितला. त्याची पानं मी घामाने चिकटवून ठेवली होती. त्यांनी पर्समधून अर्ज काढला आणि सही केली.

अण्णा स्टुलावरून उठले. "एवढ्याला दोन तास?" ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. मग ते माझ्याकडे न बघता निघाले. अंबडची बस पकडायला गेले असणार, त्या दिवशी पाळी बदलून दुपारची घेतली होती. पुढे दिवाळीपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. काही हवं असलं तर आईला सांगत, मी समोर बसलेली असताना, "तिला म्हणावं डबा दे."

मी अर्ज घेऊन धावले. क्लार्क खिडकीची फळी ओढत होता. मी मधे हात घातला. हाताची खूण आजही आहे म्हणून मी दाखवते. ती खूण कांजण्यांची आहे. त्याने अर्ज घेतला, दोन्ही सह्या बघितल्या, शिक्का मारला. वऱ्हांड्यात वेटिंग लिस्टवरच्या एका मुलाचे वडील उभे होते. त्यांना त्याने खिडकीतूनच हाक मारली, "या, तुमची जागा झाली." ते गृहस्थ पळत आले आणि जाता जाता माझ्या पाया पडल्यासारखे वाकले. खाली पडलेली चप्पल उचलायला वाकले होते, पण तेवढ्यात माझा जीव गलबलला. कारण ती जागा माझी नव्हती, अण्णांची होती.

मी परत स्टाफरूममध्ये गेले. मॅडम एकट्या होत्या, डबा उघडत होत्या. मी दारातूनच विचारलं, "मॅडम, बरोबर आलं होतं ना?"

"नाही," त्या म्हणाल्या. "रडत कोणी नव्हतं त्यात. सोमवारी सात-वीसला तास आहे."